बदल हवाय, पण पाऊलच उचलत नाही

कोरी_वही:

वय ४८. बावीस वर्षं एकाच कार्यालयात, हिशेब विभागात. काम वाईट नाही, माणसंही वाईट नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण कुणाशी बोलायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "कोणी त्रास देतंय का?" कोणीच देत नाही. पण महिनाअखेरीला जमाखर्च जुळला की पूर्वी एक सुटकेचा श्वास यायचा, तो गेली दोन वर्षं येईनासा झालाय. जुळला, एवढंच.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. सहा वर्षं अंथरुणावर होत्या. त्यानंतर तीन महिन्यांनी लेक शिकायला बाहेर पडली. सगळे म्हणाले, आता मोकळी झालीस, आता स्वतःसाठी जग. मलाही तसंच वाटत होतं. त्या सहा वर्षांत रात्री अडीचला उठून सासूबाईंची कूस बदलून द्यायचे, तेव्हा अंधारात मनातल्या मनात बेत चालायचे. हे सगळं सरलं की काहीतरी नवीन शिकेन. नोकरी सोडून काहीतरी वेगळं करेन. काहीतरी माझं असं असेल. आता अडीचला जाग येतेच, गजर नसताना येते. मान घामाने भिजलेली असते, छातीत धडधडत असतं, आणि ज्यांची कूस बदलायची ते माणूस नाही.

आठ महिन्यांत तीन वह्या आणल्या. तिन्हींच्या पहिल्या पानावर वर "मला काय हवंय?" असं लिहिलेलं आहे, खाली तारीख आहे, आणि पुढची पानं कोरी. एका ऑनलाइन कोर्सचे पैसे भरले. चौदा धडे होते, दोन पाहिले. बायोडेटाची फाइल उघडली तर ती शेवटची नऊ वर्षांपूर्वी बदललेली निघाली. तशीच बंद केली.

नवरा चांगला आहे. म्हणतो, "तुला काय करायचंय ते तू ठरव, मी आहे पाठीशी." त्या "ठरव"नेच माझा घसा आवळतो. नोकरी सोडायचा विचार आला की वाटतं बावीस वर्षं पाण्यात जातील. न सोडावी तर उरलेली दहाबारा वर्षंही अशीच जातील.

परवा माळा आवरताना एक जुनी फाइल हाती लागली. मी वनस्पतिशास्त्रात पदवी घेतली होती, पदव्युत्तरचं एक वर्ष झालं आणि मग सुटलं. फाइलीत हर्बेरियमची शीट्स होती, मी स्वतः दाबून, वाळवून, चिकटवलेल्या झाडांची. कागदी पट्ट्यांचा गोंद सुकून पट्ट्या उचकटल्या होत्या. एक देठ माझ्या बोटाशीच तुटला. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल होतं: कुळ, शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, आणि "संग्राहक" या शब्दापुढे माझं माहेरचं नाव. अक्षर बारीक आणि तिरकं होतं, शाईने लिहिलेलं. ते माझं आहे हे ओळखायला मला दोन क्षण लागले. पुन्हा दोरा गुंडाळून फाइल वर ठेवून दिली. हे इथे का लिहिलं मलाच माहीत नाही, प्रश्नाशी त्याचा काही संबंध नाही.

प्रश्न असा: काय हवंय हेच कळत नसेल तर बदलाला सुरुवात कुठून करायची? ज्या बायका माझ्या वयात यातून बाहेर पडल्या त्यांनी सांगावं. "एखादा छंद जोपास" हे उत्तर मात्र नको. ते खूप जणींनी दिलं आणि ऐकून मी आणखीच खचले.

---

रात्रपाळी:

मी ६१ वर्षांची. स्त्रियांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स होते, म्हणून हक्काने अगं-तुगं करते. मनाचं बाकीच्या सांगतील, मी त्या अडीचच्या घामाबद्दल बोलते, कारण तू तो एका वाक्यात उरकून पुढे गेलीस.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात, म्हणजे ते मागे वळूनच कळतं. पण त्याच्या आधीचा संधिकाळ काही वर्षं चालतो, आणि बहुतेकींचा चाळिशीतच सुरू होतो. पाळी अगदी वेळच्या वेळी येत असतानाही झोप मोडणं, रात्री घाम, धडधड, साधा शब्द न आठवणं, कशात रस न वाटणं हे सगळं होऊ शकतं. अमेरिकेत १९९६ साली "स्वान" नावाच्या अभ्यासात ४२ ते ५२ वयाच्या ३,३०२ स्त्रिया घेतल्या आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांची विचारपूस, तपासणी होत राहिली. पाळी जाण्याच्या या काळात उदासीची लक्षणं आधीपेक्षा वाढतात, असं त्यातून दिसलं. तेव्हा तुझ्या त्या "श्वास येईनासा झालाय"मध्ये शरीराचा वाटा किती आणि आयुष्याचा किती, हे तपासल्याशिवाय मोठा निर्णय घेऊ नकोस.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. जाण्याआधी तीन आठवडे एका कागदावर लिही: जाग किती वाजता आली, घाम आला का, पाळीची तारीख. पंचेचाळिशीनंतर लक्षणांवरूनच निदान होतं, हार्मोनच्या रक्ततपासणीची बहुधा गरज नसते. ब्रिटनच्या "नाइस" या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. पण टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ मात्र बघून घे. थायरॉइड मंद झाली की माणूस सुस्तावतो, जोरात चालली की घाम आणि धडधड होते, आणि दोन्ही वेळा दोष आपण आपल्या स्वभावाला देतो.

वॉर्डात एक बाई आल्या होत्या, तुझ्याच वयाच्या. दोन वर्षं अंगावरून खूप जात होतं. हिमोग्लोबिन ७ निघालं. रक्ताची बाटली लावताना मला म्हणाल्या, "सिस्टर, मी स्वतःला आळशी समजत होते हो." तो हात अजून आठवतो मला, पांढराफटक, नखांवर लाली औषधालाही नव्हती.

आणि एक. कधी जगणंच नकोसं वाटलं, तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी घरात सांगायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

---

दुसरा_डाव:

तुमचं दोनदा वाचलं. मी सात वर्षांपूर्वी याच जागी होते, आणि मी जे केलं ते तुम्ही करू नका हे सांगायला लिहितेय.

४६ व्या वर्षी एका सोमवारी मी राजीनामा दिला. पुढे काय, याचं उत्तर घाईघाईने शोधलं होतं: समुपदेशनाचा वर्षभराचा अभ्यासक्रम. कारण सगळे म्हणायचे, तू ऐकून छान घेतेस. चौथ्या महिन्यात कळलं की दिवसभर माणसांचं ऐकत बसणं हेच तर मला नको होतं. वीस वर्षं घरी आणि दारी मी तेच करत आले होते. अभ्यासक्रम सोडला आणि पुढचे आठ महिने अक्षरशः खिडकीशी बसून काढले. पैशांची ओढाताण झाली ती वेगळीच, पण त्याहून वाईट म्हणजे "आपल्याला काही जमत नाही" ही खूणगाठ बसली.

मग ज्या बाईंकडे मी उपचाराला गेले त्यांनी "तुम्हाला काय हवंय" हा प्रश्न माझ्याकडून काढूनच घेतला. म्हणाल्या, दोन महिने तो विचारायचा नाही. एक तक्ता दिला. आडवे सात वार, उभे दिवसाचे तास. प्रत्येक चौकटीत काय केलं ते लिहायचं आणि शेजारी दोन आकडे, शून्य ते दहा. पहिला, किती बरं वाटलं. दुसरा, किती जमलं. ही रीत त्यांच्या पदरची नव्हती. पीटर लेविन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात नैराश्यावर काम करताना उपचाराचा रोखच बदलला: उत्साह आला की मग कामाला लागू असं न म्हणता आधी काम, मागून उत्साह. ते दोन आकडे ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञांच्या उपचारपद्धतीत सापडतात.

पहिले तीन आठवडे माझ्या तक्त्यात दोन आणि तीनच्या वर फारसं काही नव्हतं. वाचन, ज्याला मी आयुष्यभर माझी आवड म्हणत आले, त्याला तीन. मैत्रिणींना भेटण्याला चार. मग एका मंगळवारी शेजारच्या बाईंचं शिलाई मशीन टाके सोडत होतं म्हणून मी सहज बघायला गेले. माझ्या वडिलांकडे तसंच मशीन होतं. वरची पट्टी काढली तर कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली धाग्यांचा भुगा इतका घट्ट बसला होता की त्याचा नमदा झाला होता. दाभणाने तो टोकरून काढला, बॉबिनची केस पुसली, तिचा बारीक स्क्रू पाव फेरा पिळला, तेलाचे चार थेंब सोडले. शिवून पाहिलं तर टाका सरळ. घरी येऊन तक्ता भरला: बरं वाटलं ८, जमलं ९. दीड तास कोणाशी एक शब्द बोलले नव्हते.

आज मी ५३ वर्षांची आहे आणि आठवड्यातून तीन दिवस शिलाई मशीन दुरुस्त करते, दोन दिवस एका लहान संस्थेचं पत्रव्यवहाराचं काम करते. कोणत्याही वहीत, कितीही विचार करून, "शिलाई मशीन" हे उत्तर माझ्या हातून लिहिलं गेलं नसतं. म्हणून तुमच्या त्या तीन वह्यांबद्दल वाईट वाटून घेऊ नका. प्रश्नच असा आहे की त्याचं उत्तर बसून मिळत नाही. तुमच्या यजमानांना सांगा की "ठरव" म्हणू नका. त्याऐवजी दर रविवारी सकाळचे तीन तास घर तुम्ही बघा, आणि मी कुठे गेले, काय केलं ते विचारू नका. पाठीशी उभं राहणं म्हणजे मला तरी हेच हवं होतं.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या दोन नोकऱ्या होत्या. एक बावीस वर्षांची आणि एक सहा वर्षांची, रात्रपाळीची. दुसरी संपली. तिथून निरोप नाही, हिशेब नाही, कोणी म्हटलंही नाही की बाई, फार निगुतीनं केलंत. उलट "मोकळी झालीस" म्हणाले. मोकळं होणं आणि रिकामं होणं यांत फार फरक आहे. सासूबाई गेल्यावर तुम्ही कामावर कधी परतलात?

---

शिलकीतली:

थोडं व्यवहाराचं. "बावीस वर्षं पाण्यात जातील" हे वाक्य तुम्ही हिशेबातल्या आहात म्हणून तुम्हालाच आधी खटकायला हवं. खर्च झालेला पैसा पुढच्या निर्णयात धरायचा नसतो, तसंच वर्षांचं. १९८५ साली आर्केस आणि ब्लूमर या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामाची तिकिटं घेणाऱ्यांपैकी काहींना, कोणताही निकष न लावता, सवलत दिली. ज्यांनी पूर्ण पैसे भरले होते ते हंगामाच्या पहिल्या सहामाहीत जास्त नाटकांना गेले. नाटकं सगळ्यांना तीच होती. फरक होता फक्त आधी भरलेल्या पैशांचा.

म्हणून प्रश्न असा विचारा: हीच नोकरी आज नव्याने समोर आली तर घेईन का? उत्तर "नाही" आलं तरी लगेच सोडायचं नाही. निवृत्तिवेतनाच्या आणि विम्याच्या अटी काढून वाचा, बिनपगारी रजा किंवा कमी तासांची सोय आहे का ते लेखी विचारा, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला की मग बोलू. दुसरा_डाव यांनी मनाची किंमत सांगितली, मी पैशाची सांगते: घाईत सोडलेली नोकरी पुढचा प्रत्येक प्रयोग भीतीत करायला लावते.

---

कोरी_वही:

दुसरा_डाव, चौथ्या दिवशी गेले कामावर. महिनाअखेर होती.

हे टाइप करताना रडू आलं. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्यासाठी रडले, इतके दिवस सगळं स्वतःसाठीच चाललं होतं असं वाटायचं. त्यांची पाठ शेवटपर्यंत कोरडी राहिली, एकही जखम झाली नाही. सहा वर्षांत एकही नाही. हे मला कुणालातरी सांगायचं होतं.

---

रात्रपाळी:

सहा वर्षं अंथरुणावर आणि पाठीला जखम नाही? अगं, तीस वर्षांत असं किती वेळा पाहिलं ते मी बोटांवर मोजून दाखवीन. दर दोन-तीन तासांनी कूस, चादरीला सुरकुती नको, कातडी ओली राहता कामा नये. चार पगारी माणसांना जमत नाही ते तू एकटीने केलंस. नीट ऐक: ते काम उत्तम झालं.

---

जुनी_पानं:

तुम्ही म्हणता त्या फाइलीचा प्रश्नाशी संबंध नाही. मला उलट वाटतं. तुमच्या लिखाणात "काहीतरी" हा शब्द तीनदा आलाय: काहीतरी शिकेन, काहीतरी वेगळं करेन, काहीतरी माझं. माळ्याच्या परिच्छेदात तो एकदाही नाही. तिथे गोंद आहे, देठ आहे, तिरकं अक्षर आहे, कोणत्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते आहे. तेवढ्या ओळींपुरत्या तुम्ही जाग्या आहात.

मी छंद म्हणून सांगत नाहीये, कारण हे काम आहे आणि त्याला माणसं हवी आहेत. जगभरात साडेतीन हजारांच्या आसपास हर्बेरियम, म्हणजे अशा वाळवलेल्या झाडांचे संग्रह, आहेत आणि त्यांत मिळून चाळीस कोटींच्या घरात नमुने आहेत. त्यांतल्या लाखो शीट्सचे फोटो निघालेत, पण लेबलं जुन्या हस्ताक्षरात आहेत आणि ती माणसानेच वाचून उतरवावी लागतात. "झूनिव्हर्स" या संकेतस्थळावर "नोट्स फ्रॉम नेचर" नावाचा प्रकल्प २०१३ पासून हेच करतो. ऑस्ट्रेलियात "डिजिव्हॉल" आहे, २०११ पासून. पात्रतेची अट नाही, नोकरी सोडावी लागत नाही, अर्ध्या तासात पहिलं लेबल उतरवून होतं. मी सेवानिवृत्त झाल्यापासून चार वर्षं करतेय आणि माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. कुळांची नावं मला एकेक शोधावी लागतात. तुम्हाला ती येतात.

"नुसती लेबलं उतरवून काय होणार" असं मलाही सुरुवातीला वाटायचं. पण झाड, ठिकाण आणि तारीख एकत्र असली की त्या कागदाचा पुरावा होतो. थोरो या लेखकाने १८५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉनकॉर्डमध्ये कोणतं झाड कधी फुललं याच्या नोंदी ठेवल्या होत्या. मिलर-रशिंग आणि प्रायमॅक या संशोधकांनी २००८ मध्ये त्यांची आताच्या नोंदींशी तुलना केली, तेव्हा नेहमीच्या ४३ जाती सरासरी ७ दिवस आधी फुलताना आढळल्या. तुमच्या फाइलीतल्या तारखाही पंचवीस वर्षं जुन्या असतील. त्यांचं मोल कमी समजू नका.

फाइलीसाठी तातडीचं: शीट्स एकेक उजेडात धरा. बारीक गोल भोकं किंवा पिठासारखी पूड दिसली तर किडा लागलाय. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. पट्ट्यांना साधा सेलोटेप अजिबात लावू नका, तो पिवळा पडतो आणि डाग सोडतो. तुटलेला देठ टाकू नका, छोट्या कागदी पाकिटात घालून त्याच शीटवर चिकटवा. तो नमुन्याचाच भाग आहे.

---

कोरी_वही:

महिन्याभराने लिहितेय.

आधी रात्रपाळी ताईंना. एकवीस रात्रींपैकी सतरा रात्री जाग आली, चौदा वेळा घाम. कागद डॉक्टरांपुढे ठेवला आणि पहिल्यांदा मला समजावून सांगावं लागलं नाही. टीएसएच वाढलेलं निघालं, फेरिटिन खूप कमी. गोळ्या सुरू झाल्यात. पाळीच्या त्रासाबद्दल पुढच्या भेटीत ठरेल. लगेच बरं वाटेल असं त्यांनी सांगितलेलं नाही, मीही तशी आशा धरलेली नाही.

शिलकीतली, रजेच्या अटी काढल्या. वर्षाला तीस दिवस बिनपगारी रजा मिळू शकते. बावीस वर्षांत मी विचारलंच नव्हतं. नोकरी तूर्त चालू.

दुसरा_डाव, नवऱ्याला तुमचं वाक्य तसंच्या तसं वाचून दाखवलं. तो थोडा दुखावला. मग म्हणाला, मला खरंच वाटायचं की ठरव म्हणणं म्हणजे मोकळीक देणं. दोन रविवार झाले, तो काही विचारत नाही. तक्ता भरतेय. बहुतेक चौकटी तीनच्या खाली आहेत, तुम्ही म्हणाला होतात तशाच.

फाइल माळ्यावरून खाली आणली. एकोणतीस शीट्स आहेत. चार शीट्सना भोकं दिसली, ती फ्रीझरमध्ये आहेत. पाकीट केलं, देठ आत घातला, वर पेन्सिलीने तारीख टाकली.

गेल्या रविवारी तो प्रकल्प उघडला. पहिलंच लेबल १९११ चं आलं. शाई तपकिरी पडलेली, अक्षर बारीक आणि तिरकं. मी चाळीस मिनिटं त्या एका लेबलापाशी होते. कुळ वाचता आलं, जात वाचता आली, तीही शास्त्रीय नावाचं अर्धं अक्षर पुसलेलं असताना, कारण पानांची मांडणी बघून ते दुसरं काही असूच शकत नव्हतं. संग्राहकाचं नाव लागलं. गावाचं नाव मात्र काही केल्या लागेना. हिशेबात एक आकडा लागत नसेल तर मी घरी जात नाही, म्हणून तिथेच अडून बसले. मग मदतीच्या पानावर वाचलं की एकच लेबल अनेक जण स्वतंत्रपणे वाचतात आणि शेवटी सगळी वाचनं ताडून बघतात. मी "अस्पष्ट" असं नोंदवलं आणि पुढचं लेबल उघडलं.

तक्त्यात लिहिलं: बरं वाटलं ६, जमलं ५.